ताट वाचणारी सोजराबाई

कुणाच्या घरी गेलो आणि चहाबरोबर बशीत चार बिस्किटं पुढे आली की माझं डोकं फिरतं. समोरच्याचा काही दोष नसतो, तो बिचारा पाहुणचार करत असतो. पण मी बशी मागे सरकवतो आणि म्हणतो, "सकाळची भाकरी उरली असेल तर आणा, नाहीतर काही नको." हिरा, माझी बायको, बाजूला बसून कोपर मारते. रस्त्यात म्हणते, "लोकांच्यात तरी जीभ आवरत जा." नाही आवरत. ज्या दिवशी हात आवरायचा होता त्या दिवशी आवरला नाही, आता जीभ आवरून कुणाचं भलं होणार आहे?

त्या हाताचं सांगतो. पण आधी सोजराबाईचं, कारण त्या हातानं चूल तिची विझली.

सोजराबाई जालन्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात नवरा-बायको खडी फोडायला घराबाहेर पडले आणि मुकादमाच्या मागे मागे कामं करत इकडे आले ते कायमचेच. बोईसरला तेव्हा कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. नवरा त्याच भिंतींच्या कामावर असताना काविळीनं गेला. पोरबाळ नव्हतं. तेराव्यानंतर बाईनं आमच्या कंपनीच्या फाटकासमोर तीन दगड मांडले, शेजारी लाकडी काथवट ठेवली आणि पीठ मळायला बसली. आमची कंपनी कापड रंगवायची, सगळे तिला डाईंग म्हणायचे. मी महादू, रंगखात्यातला, टोकन नंबर तीनशे ब्याऐंशी. गाव माझं संगमनेरकडे, पण तिथं काही उरलं नव्हतं. आम्ही सगळे असेच कुठून कुठून आलेले, शेजारच्या सरावली गावात चौघं-पाचजण मिळून खोली घेऊन राहणारे. त्या भाकरीचा वास आला आणि आम्हाला आपापली गावं आठवली.

एकोणऐंशी साली आम्ही सतरा दिवस संप केला. त्यात एक मागणी कॅन्टीनची होती. ती मान्य झाली, कंपनीनं पत्र्याची शेड बांधली, आणि बाई काथवट घेऊन फाटकाच्या आत आली. म्हणजे ती चूल आम्ही लढून मिळवली होती. कुणी दान दिलेली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आम्हीच ते विसरलो.

जेवण साधं. दोन भाकरी किंवा भात, आमटी, एक भाजी, कांदा. भाजी कमळी आणायची. कमळी पूर्वेकडच्या पाड्यावरची, डोक्यावर भारा घेऊन सकाळीच फाटकाशी हजर. आम्हा घाटावरच्या लोकांना तिच्या भाज्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. पहिल्यांदा तिनं शेवळं आणली, तेव्हा सोजराबाईनं ती आपल्या मनानंच फोडणीला टाकली, आंबट काही न घालता. दुपारी सगळी पाळी घसा खाजवत मशिनवर उभी. कमळीला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "आंबट टाकल्याबिगर शेवळं शिजवतात कवा? इचारायचं तरी." सोजराबाई वयानं तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, पण खाली बसून शिकली. पुढच्या वर्षी आम्ही शेवळांची वाट बघायला लागलो. मग पावसाळ्यात टाकळा, श्रावणात करटोली. अंगठाबहाद्दर दोघी, पण शंभर-दोनशे माणसांचं पोट त्या बरोबर जाणून होत्या.

आता ताटांचं. कंपनीनं स्टीलची ताटं दिली आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या काठावर टोकन नंबर ठोकून घेतला. ज्याचा नंबर त्याचं ताट. साहेबांनी हे ताटं वाचवायला केलं, पण बाईनं त्याचा भलताच उपयोग केला. तिला अक्षरओळख नव्हती, आकडे मात्र दोन महिन्यांत पाठ झाले. ताटं परत आली की एकेक ताट उचलून बघायची. कोणी भाजी बाजूला सारली, कोणी दोनाची दीड भाकरी केली, कोणी तांब्यावर तांबे पाणी मागितलं, सगळं तिच्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी भर पंगतीत विचारायची, "का रं चारशे सतरा, तीन दिस झालं भाकरी उरतीया. पोटात दुखतंय का घरून कागद आलाय?"

चारशे सतरा म्हणजे बन्सी. वैजापूरचा. बायको-मुलं गावी, हा इथं माझ्याच खोलीत. मला ह्या बाईचा तेव्हा राग यायचा. म्हटलं, जेवायचं की हजेरी द्यायची? पण त्या वेळी बन्सीला खरंच आतून ताप होता. कंपनीच्या डॉक्टरनं टायफॉईड सांगितला. त्याआधी चार दिवस तिनं ताटावरून ओळखलं होतं. पुंजाराम फिटरचं काविळीचं निदानही तिचंच, आणि तिथं तर ती जिवाच्या आकांतानं त्याच्या मागे लागली, कारण काविळीनं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिचा एक नियम होता. ताट साफ झाल्याशिवाय उठायचं नाही. साफ झालं की ती म्हणायची, "आता ऊठ." बापे गडी, मिशा आलेले, पण ती म्हणेपर्यंत कुणी उठत नसे.

सत्त्याऐंशी साली नवा पर्सोनेल ऑफिसर आला. गोड बोलायचा. मी तोवर युनियनच्या कमिटीवर होतो, त्यामुळे मला तो केबिनमध्ये बसवून 'महादूभाऊ' म्हणायचा. महादूभाऊ. माझा बाप मला कधी भाऊ म्हणाला नाही, हा म्हणाला आणि मी हुरळलो. त्याचं म्हणणं असं, की कॅन्टीनमध्ये धूर, माशा, घाम. जग कुठे चाललंय आणि आपण अजून चुलीपाशी. त्यापेक्षा प्रत्येक पाळीला प्रत्येक कामगाराला एक पाकीट देऊ. त्यात बिस्किटाचा पुडा, वेफर, पिवळ्या केकचा तुकडा आणि नळी खुपसून प्यायचं नारिंगी सरबताचं खोकं. खावं, न खावं, घरी न्यावं, ज्याची त्याची मर्जी.

घरी न्यावं. इथं आम्ही फसलो. कोणी आमचा गळा धरला नव्हता. सरावलीत, बोईसरात आमची पोरं दुकानासमोर उभी राहून त्या रंगीत पुड्यांकडे बघायची आणि आम्ही त्यांचा हात ओढून पुढे न्यायचो. आता तेच रोज फुकट. भाकरी खाऊन घरी नेता येत नाही, पुडा नेता येतो. बापाच्या मायेलाच त्यानं हात घातला होता, आणि आम्ही आ वासून ऐकत होतो.

पहिली पाळी सुटल्यावर फाटकाशी मीटिंग घेतली. साहेब हुशार, मीटिंगच्या आधीच सगळ्यांच्या हातात नमुन्याचं एकेक पाकीट दिलं. माणसं नळीनं सरबत ओढत भाषण ऐकत होती. साहेब म्हणाला, "हे सगळं मशीनवर बनतं. माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

मागून सोजराबाईचा आवाज आला. हाताला पीठ तसंच. "हात लागत न्हाई त्याचंच तर भ्या हाय, सायेब."

लोक हसले. मीही हसलो. ती पुढे आली आणि म्हणाली, "मला दोन शब्द बोलायचंत." मी कमिटीवाला, टेबलाशी उभा. मी म्हणालो, "बाई, तुम्ही मेंबर नाही. मीटिंगमध्ये मेंबरच बोलू शकतो." नियम तसाच होता. तिची नेमणूक कंत्राटावर, युनियनचं कार्ड तिला नव्हतं, आणि आठ वर्षांत आमच्यातल्या एकालाही ते काढून द्यावं असं वाटलं नव्हतं. ती हाताचं पीठ पदराला पुसत मागे सरली. मग मी ओरडलो, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा," आणि सगळ्यांत आधी माझा हात वर केला. उजवा. बाजूला बन्सीनं केला. त्याच्या दुसऱ्या हातात खोकं होतं. दोनशे माणसांत दहा-बारा हात खाली राहिले असतील.

मग कंपनीनं कराराचा कागद पुढे केला. त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की जेवण नसल्यामुळे अर्ध्या तासाची सुट्टी आता पंधरा मिनिटांची. मी सही केली तेव्हा ती ओळ वाचली नव्हती. वाचली असती तरी सही केली असती, उगाच साळसूदपणा नको.

सोजराबाईला झाडलोटीचं काम देऊ केलं. तिनं नाही म्हटलं. शेवटच्या दिवशी ती तवा आणि काथवट घेऊन निघाली तर वॉचमननं फाटकावर अडवलं. कंपनीचा माल बाहेर जातोय का ते बघायचं होतं म्हणे. तिनं स्वतःची काथवट, जिच्यात तिनं आम्हा सगळ्यांसाठी पीठ मळलं, ती त्याच्यासमोर उपडी करून दाखवली. थोडं कोरडं पीठ सांडलं. मी पाच हातांवर उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर तो वॉचमन बाजूला झाला असता, कमिटीवाल्याला तेवढा मान होता. मी मूग गिळून उभा राहिलो. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती आग टाकायची कुणावर? वॉचमनवर? तो तर पोटासाठी उभा होता.

पाकिटं सुरू झाली. पहिले दोन महिने सणासारखे. माझी पोरं मी येण्याची वाट बघत ओट्यावर बसायची. मी घरी येऊन पाकीट त्यांच्यासमोर ठेवायचो आणि स्वतःला फार मोठा बाप समजायचो. पाळीत पोटात काय? दोन कप चहा. मग हळूहळू भूक भागेना, तेव्हा अर्धं पाकीट तिथंच खायला लागलो आणि अर्धं घरी. पोरांना पुरेना. मग हिरानं दुकानातून आणायला सुरुवात केली, कारण आता सवय झाली होती. घरात माझी म्हातारी आई होती. दात गेलेले. आधी हिरा तिला आमटीत भाकरी कुस्करून द्यायची, त्याला वेळ लागायचा, म्हातारी कुरकुरायची. आता चहात बिस्किट बुडवलं की झालं. सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी चार. म्हातारी खूश, सून खूश, मी खूश. दीड वर्षात आई इतकी फिकट पडली की ओठ आणि गाल एका रंगाचे झाले. न्हाणीपर्यंत जाताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाला, "ह्यांना खायला घालता की नाही?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दिवसातून तीन वेळा खाते माझी आई, म्हटलं. ती त्याच पावसाळ्यात गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले आणि मीही तेच म्हणालो, सोयीचं होतं म्हणून.

कमळीचं तर विचारू नका. कॅन्टीन गेलं तशी तिची रोजची भाजी गेली. ती फाटकाशी भारा घेऊन बसायची, आमच्यातला एखादा पुडा द्यायचा आणि टाकळ्याची जुडी घ्यायचा. तिला वाटायचं तिनं पोरांसाठी शहरातला खाऊ मिळवला. एकदा मला म्हणाली, "आमची पोरा आता नाचणीची भाकर बघून तोंड फिरवतात. पुडा मागतात." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, हसून सांगत होती. आणि आम्ही ती जुडी घरी नेऊन वाळू द्यायचो, कारण निवडायला वेळ कुणाला?

आता बन्सी. त्याचं घर इथं नव्हतं. मी लग्न करून बिऱ्हाड मांडलं तसा तो शेजारच्या खोलीत एकटा गेला. आधी दुपारी बाईकडे पोटभर, संध्याकाळी खिचडी. आता दमून आला की स्टोव्ह पेटवायचा कंटाळा, पाकीट फोडायचं आणि आडवं व्हायचं. ज्यांना नको त्यांची पाकिटंही तो घ्यायचा. पहिल्यांदा जाड झाला, आम्ही म्हणालो तब्येत सुधारली. मग दोन-तीन वर्षांनी उतरायला लागला. पँटला दोरी बांधायला लागला. सारखी तहान. रंगखात्यात वाफ असते, मशिनवर उभं राहिलं की घामाच्या धारा. मी म्हणालो, "काय रे, सारखा पितोस?" तो म्हणाला, "उकाडा हाय." आणि तहान लागली की पाण्याऐवजी नारिंगी खोकं फोडायचा. एक झालं की दुसरं. तहान वाढवणारीच गोष्ट तो तहानेला देत होता, आणि मी शेजारी उभा राहून त्याला माझंही खोकं द्यायचो. मित्र म्हणून.

कुणी बघितलं नाही. कसं बघणार? पाकीट फाडून फेकलं की त्यात काय उरलं आणि काय संपलं, ते कोण उचलून बघतो? पूर्वी एक बाई बघायची. तिला आम्ही हात वर करून घालवली होती.

एक्क्याण्णव साली त्याच्या गमबुटात काहीतरी खुपलं. रंगखात्यात पाय दिवसभर ओले, त्यात बूट घट्ट. अंगठ्याला फोड आला. त्याला दुखलंच नाही. पंधरा दिवसांनी मला त्याच्या खोलीत वास आला म्हणून मी बूट काढायला लावला. अंगठा काळा पडला होता. मी शिव्या देत त्याला रिक्षात घातला, बोईसरच्या दवाखान्यात नेला, तिथून मुंबईला पाठवला. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरनं दोनदा तपासली. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालून पाय. बन्सी शुद्धीवर आला आणि पहिलं मला म्हणाला, "मला कळलंच न्हाई रे, म्हादू." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि मी बाहेर जाऊन भिंतीवर बुक्की मारली.

कंपनीनं त्याला घरी बसवलं. पर्सोनेल ऑफिसर तोवर दुसऱ्या कंपनीत मोठा होऊन गेला होता. गावी भावांच्या दारात एक पाय घेऊन बसायला बन्सी तयार नव्हता. आणि मला एकच दार सुचलं, जिथं जायचं मी चार वर्षं टाळलं होतं.

सोजराबाईनं सरावलीच्या वळणावर झापाखाली खानावळ टाकली होती. मी बाजारात जाताना त्या रस्त्यानं जायचो नाही, मागच्या गल्लीतून जायचो. लांब पडायचं, पण तोंड दाखवायला लागायचं नाही. त्या दिवशी रिक्षा तिच्या दारात उभी केली आणि बन्सीला धरून उतरवलं. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, जिथं पाय नव्हता. माझ्याकडे बघितलं नाही.

"किती वरीस?" तिनं विचारलं.

"चार," मी म्हणालो.

"माझ्यापुढं ताट आलं असतं तर चार दिसांत वळखलं असतं." एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, तेवढंही तिनं दिलं नाही. बन्सीला म्हणाली, "बस हितं. बसून भाज्या निवडता येत्यात का?" आणि त्याच्यासमोर मेथीची पेंडी टाकली. तेव्हापासून बन्सी तिथंच. बाई त्याला मोजून भाकरी, पालेभाजी, डाळ देते आणि डॉक्टरनं सांगितलं त्यापेक्षा कडक वागते. त्याची मुलं सुट्टीत गावाहून येतात, त्यांनाही भाज्या निवडायला बसवते.

पुढची तीन वर्षं मी संध्याकाळी बन्सीला भेटायला जायचो, पण जेवायला कधी बसलो नाही. बाकड्याच्या टोकाशी उभा राहायचो. ती बोलवायची नाही, मी मागायचो नाही. बोलायचो मात्र भरपूर. त्या ऑफिसरला शिव्या, कंपनीला शिव्या, युनियनला शिव्या. मीच युनियन होतो, ते सोयीनं विसरून.

चौऱ्याण्णवचा डिसेंबर. मी असाच तोंड सोडलेला. बाई चुलीवरून उठली आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. काठावर ठोकलेलं, तीनशे ब्याऐंशी. कंपनीनं कॅन्टीनची ताटं भंगारात काढली तेव्हा तिनं भंगारवाल्याकडून त्यातली बरीच उचलली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या खानावळीत अर्धा गाव आमच्या नंबरांवर जेवत होता.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो. दोन भाकरी, टाकळा नव्हता त्या दिवसांत, मेथी होती, आमटी, कांदा. मी खात होतो आणि बोलत होतो. म्हणत होतो, तो हरामखोर आता कुठल्या मोठ्या पदावर आहे, त्याच्या नव्या कंपनीतही तेच पाकीट सुरू केलंय, कुणी बोलत नाही, सगळ्यांनी शेपूट घातलंय. माझं निदान कुणीतरी ऐकावं असं वाटत होतं.

"तुझं बोलणं ऐकाया न्हाई बसवलं तुला," सोजराबाई मध्येच म्हणाली. ती माझ्या ताटाकडे बघत होती. "दोनाच्या सव्वावर आलास. आन हा तिसरा तांब्या. कव्हापासून?"

"काय कव्हापासून?"

"तहान."

मी म्हणालो, "काही नाही, उकाडा आहे."

अंगावर स्वेटर होता माझ्या. बन्सीनं हातातली मेथीची काडी खाली ठेवली. "म्या बी उकाडाच म्हणायचो," तो म्हणाला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तिचाच राग आला, ताट फेकून द्यावंसं वाटलं. सात वर्षं मी त्या पाकिटांना शिव्या घालत होतो आणि सात वर्षं रोज पाळीला माझं पाकीट घेत होतो. पोरं मोठी झाली होती, त्यांना आता ते नको होतं, म्हणून सगळं मीच खायचो. नारिंगी खोकं मला आवडायचं. हे मी हिराला सांगितलं नव्हतं, बन्सीसमोर तर बोलायची सोयच नव्हती. बाईला मात्र सांगायची गरज पडली नाही.

"उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "मी येते संगं. तुझा भरवसा न्हाई."

मी मान हलवली. मग तिनं डोळ्यांनीच ताटातली उरलेली पाऊण भाकरी दाखवली. मीटिंगमध्ये वर केलेला तोच हात. त्यानं मी ती भाकरी मोडली, मेथी लावली आणि खात राहिलो. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. बन्सी बघत होता. शेवटच्या तुकड्यानं मी आमटी पुसून घेतली आणि ताट पुढे केलं. तिनं ते उचललं, उजेडाकडे नेलं आणि काठापासून मध्यापर्यंत नीट पाहिलं.

"आता ऊठ," ती म्हणाली.